सुखराम मिस्त्रीचा नापास डब्बा

नीतूचे बाबा एका जागी बसत नव्हते. बसले तरी हात बसत नव्हता. उजव्या हाताचा अंगठा चाकूच्या पात्यावर, उघड, बंद, उघड, बंद. टीव्ही पाहून राहिले तरी कट कट, ताट वाढेपर्यंत कट कट, कोणी मयतीची खबर सांगाले आला तरी खिशात हात घालून कट कट. मी म्हणो, अहो तो माणूस काय सांगून राहिला ते तं ऐका. ते म्हणत, कान रिकामेच हायत, हात कामात हाय.

नाव त्याईचं सुखराम. सडक अर्जुनीले हायवेवर कमानीचं दुकान. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांचा जुडगा राहते ना, एकावर एक, ती कमानी. खड्ड्यात आदळला का कमानी तुटते अन् ट्रक एका अंगाले लंगडा होते. त्याले उभा करणारे सुखराम मिस्त्री. नागपूर रायपूरचे ड्रायव्हर नावानं ओळखत. हे शिकले सातवीपर्यंत, सातवीत नापास. मी चौथी शिकली, पास होऊन सोडली, हे मी त्याईले वर्षातून दोन चार वेळा तरी ऐकवो.

चाकूचा नाद कधी लागला हे मले बी माहीत नाही. मी लग्न होऊन आली तेव्हा घरात सात चाकू होते अन् पातेले दोन. खिशातले चाकू, मुडपून मुठीत पातं लपवायचे. मोठे सुरे, तलवारी, असलं काही नाही, ते त्याईले आवडत नव्हतं. म्हणत, ज्यानं सुपारी कापता येत नाही तो चाकू नाही. ड्रायव्हर लोकं देत. ट्रक वरतं उचलून ठेवला राहे, कमानी बसेपर्यंत चार चार तास ड्रायव्हर काय करणार, तो बी खिशातून चाकू काढून नखं कापत बसे. झालं. हे काम सोडून तिकडं. कुठचा, कोणी बनवला, पाहू. एका सरदारजीचा पितळेच्या मुठीचा. एक बंगालकडचा, वाकड्या पात्याचा, आंबे सोलायचा. एक हाडाच्या मुठीचा, तो राजस्थानच्या ड्रायव्हरनं दिला अन् सांगतलं का हे उंटाचं हाड हाय, हे रात्रभर त्याले हुंगून पाहत होते. कोणी देऊन टाके, कोणी बदल्यात दुसरा मागे. कचारगडच्या जत्रेले गेलो तं लोकं दर्शनाच्या लाईनीत, हे खाली लोखंडाच्या दुकानापाशी. मी एकटीच वरतं चढून गुहेत जाऊन आली. खाली आली तं म्हणत, झालं का दर्शन, पाह्य हा चाकू कसा हाय.

चाकू हातातून हातात घेत नव्हते कधी. आमच्याकडं कोणीच घेत नाही, भांडण होते. देणाऱ्यानं खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. त्याईच्या दुकानात त्यासाठी एक फळीच होती.

पण आवड एक गोष्ट अन् खोट काढणं दुसरी. जुना चाकू आला का मायेनं पुसत. कारखान्याचा नवा आला का पोलिसासारखी तपासणी. आधी बंद करून ट्यूबलाईटसमोर धरत, कमानी अन् मुठीच्या मधातून उजेड येते का. चाकूले बी कमानी राहते, पाठीकडून, एवढुशी पट्टी, तिच्याच जोरावर पातं उघडं टिकते. मंग पातं मधात बसते का एका बाजूले घासते. मंग रिपीट, मूठ अन् पातं जोडणारा खिळा, बोटानं चाचपून, वर तं नाही आली. मंग अर्धं उघडून अंगठ्यानं दाबत अन् कानाशी नेत. सांगत, हा बोलते. मले कधी काही ऐकू आलं नाही. कुठं पातं घासत असेल तं सिगारेटच्या पाकिटातला कागद घडी करून आत सरकवत, दोन दिवस तसंच ठेवत, सरळ होऊन जाये. रिपीट ढिली असेल तं छोट्या हातोडीनं, टिक टिक, एवढं हळू का वाटे कोणी दार वाजवून राहिलं.

अन् हे फक्त चाकूचं नाही. नीतूच्या लग्नात आलमारी घेतली तं दुकानदाराले म्हणत, दार वरतं चार सूत उघडं राहून राहिलं. कुकरची मूठ. शेजाऱ्याचा नवा गेट. दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेलो तं त्याईची सुरी उचलून पाहत. मले लाज वाटे. एकदा चिडून मी म्हणली, एवढ्या साऱ्याच्या खोटा काढल्या, माह्या किती काढल्या ते बी सांगा. ते चाकूकडंच पाहत म्हणत, "तू कारखान्यातली नाहीस."

मी त्या दिवशी आलूभात केला होता अन् त्यात मीठ नव्हतं. तेवढं त्याईनं बरोबर काढलं.

दोन डब्बे होते. एक निळा बिस्किटाचा, त्यात पास झालेले. एक पत्र्याचा, त्यात नापास. ज्यात खोट हाय अन् जी हातानं जात नाही, तो नापास. असे अकरा होते. कोणाचं पातं नरम, कोणाची मूठ तडकलेली. कोणाले द्याले नको म्हणत, पण फेकत बी नव्हते.

आता ज्याच्यासाठी हे सारं सांगून राहिली तो चाकू. मागच्या वर्षी माह्या बहिणीचा पोरगा हिमांशू आला होता, त्याच्या मोबाईलवर त्याईले एक चाकू दिसला. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, त्यात दोन पितळेच्या रिपिटा, पातं बोटभर. वरतं उत्तरेकडं कुठंतरी एक गाव हाय म्हणे, तिथं पिढ्यान् पिढ्या हेच काम चालते, आता कारखाना टाकला. मागवला. आठ दिवसांत आला. हे ट्यूबलाईटखाली गेले अन् बाहेर आले ते चेहरा उतरलेला. मले बोलावलं, भिंग दिलं. पाह्य म्हणत, कमानीवर, रिपिटाजवळ. मी पाहिलं. केसाएवढी एक रेघ.

"तापवून पाणी देताना फाटली," म्हणत. "आज नाही तुटणार. हजार वेळा नाही तुटणार. मंग एक दिवस कोणी जोर लावीन अन् पातं बोटावर येईन."

कारखान्यात फोन केला. तिथला पोरगा चांगला बोले, चाचाजी चाचाजी करे. म्हणे वो सिर्फ ऊपर की लकीर है. याईनं ऐकलं नाही. फोटो पाठवले, भिंगातून फोटो, टॉर्च मारून फोटो. शेवटी त्यानं दुसरा पाठवून दिला, हुबेहूब तसाच, अन् सांगतलं का खराब वाला वापस भेज देना. दुसऱ्यात काही खोट नव्हती. हे दोन दिवस पाहत होते, काही सापडलं नाही, मंग नाराजीनंच पास केला.

पण पहिला वापस पाठवला नाही. आठ महिने. म्हणत, आधी त्यानं कबूल करावं का खोट कारखान्याची हाय, मंग पाठवतो. पाठवून दिला तं म्हणन चाचानंच तोडला. मी म्हणली, अहो तुम्ही एवढ्या ट्रकच्या कमान्या बसवता, ही काडीएवढी घरीच बसवून टाका, मिटलं. त्याईनं माह्याकडं असं पाहिलं का जसं मी देवाची मूर्ती रंगवाले सांगतली. म्हणत, मी कमानी बदलली तं पुरावा कुठं राहिला. मंग तो मिस्त्री सुखरामचा चाकू होते, त्याईचा राहत नाही.

एका दुपारचं काम होतं ते. आताही माह्या मनातून जात नाही. एका दुपारचं.

होळीच्या आठ दिवसाआधी दुकानात छातीत दुखाले लागलं. जॅक उतरवून राहिले होते. टिंकू, ज्याचा दुकानाबाजूले ढाबा हाय, त्यानं गाडीत टाकून गोंदियाले नेलं. गोरेगावच्या पुढं गेल्यावर संपलं. टिंकू सांगते, हात खिशात होता.

दहाव्याले आमच्याकडं घर धुतात. सुतकातलं सारं बाहेर काढतात, भांडे, कपडे, लोखंड. भावकीच्या बाया आल्या होत्या, त्याईनं सारं आंगणात आणलं. मी दोन्ही डब्बे आणले अन् एका घमेल्यात रिकामे केले. गरम पाणी, सोडा. लोखंडाले सुतक जास्त धरते म्हणतात. मी आपल्या हातानं एक एक चाकू घासला, आंगणातल्या दगडाच्या फारीवर वाळत घातला, अन् सारे निळ्या डब्ब्यात भरले. पत्र्याचा डब्बा गंजला होता, तो फेकून दिला. पास नापास हे माह्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तुझं नाव काय तं मी विचार करून सांगतलं असतं.

तेरवीले जेवणं झाल्यावर मी टॉवेल पसरला अन् सारे चाकू मांडले. ज्याईनं खांदा दिला, जे धावून आले, त्याईनं एक एक उचला म्हणली. खरं सांगते, मले ते घरात नको होते. रात्री कुठं बी कट आवाज आला का मी उठून बसो. बारा जणांनी बारा उचलले. टिंकूनं काळ्या मुठीचा उचलला. हिमांशूनं बी काळ्या मुठीचा उचलला, मावसानं माह्याच मोबाईलवर मागवला होता म्हणे. दोघं बाजूबाजूले बसून हसले का आपले जुळे हायत.

मंग वैशाख लागला. हिमांशूचं लग्न आधीच ठरलं होतं, बोदलकसाले, माह्या बहिणीच्या घरी. शामकला माही धाकटी बहीण. तिनं पत्रिका पाठवली, फोन केला, म्हणे ये बाई. पण हळदीले ये असं म्हणली नाही. लग्नाले ये म्हणली. मी बी समजली. दोन महिने व्हाले आले नाहीत अन् मी हळदीत कुठं उभी राहू.

हळदीच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्याईच्या फोनची घंटी वाजली. त्याईचा फोन मी बंद केला नाही, रोज चार्जिंगले लावते. उचलला तं तिकडून, चाचाजी नमस्ते. कारखान्यातला तोच पोरगा. मी सांगतलं, वो नहीं रहे. मंग म्हणे, चाचीजी माफ करना, मुझे पता नहीं था. मी ठेवाले गेली तं तो म्हणे, रुको रुको.

"चाचीजी, वो खराब वाला पीस किसी को चलाने मत देना. चाचाजी सही बोलते थे. उसी लॉट के दो और टूट गए, एक का तो अंगूठा गया."

मी फोन तसाच खाटेवर टाकला अन् निळा डब्बा उपडा केला. एकतीस चाकू. शिंगाच्या काळ्या मुठीचा एक बी नाही.

अन् उद्या हळद. आमच्याकडं नवरदेवाले हळद लागली का त्याच्या हातात लोखंड देतात. पहिले कट्यार राहे, आता कट्यार कोणाकडं हाय, मंग चाकू देतात नाही तं अडकित्ता. पात्याच्या टोकाले लिंबू टोचतात. लग्न लागेपर्यंत ते हातातून सोडायचं नाही. जेवतानी बी डाव्या हातात. हिमांशूनं तेरवीलेच सांगतलं होतं का मावशी, मी लग्नात मावसाचाच चाकू धरीन. मी तेव्हा रडली होती अन् धर म्हणली होती.

हिमांशूले फोन लावला, बंद. शामकलाले लावला तं तिकडं डीजे वाजून राहिला, ती ओरडून म्हणे, काय म्हणतेस, उद्या बोलू, अन् ठेवून दिला. दोनदा लावला, दोनदा तसंच.

टिंकूच्या ढाब्यावर गेली. पायात चप्पल वेगवेगळ्या होत्या हे तिथं जाऊन दिसलं. टिंकू म्हणे, मामी काय झालं, बसा. मी म्हणली चाकू दाखव. त्यानं गल्ल्यातून काढला, काऊंटरवर ठेवला. तो त्यानं रोज लिंबू कापाले काढला होता, पात्यावर डाग पडले होते. नीतूच्या बाबांनी पाहिलं असतं तं ढाब्यावर चहा पेणं सोडलं असतं. माह्या डोळ्याले रेघ काही दिसेना. भिंग कुठं गेलं कोणाले माहीत, ते बी त्या दिवशी धुण्यात गेलं असन. मंग टिंकूनं टॉर्च मारून मोबाईलवर फोटो काढला अन् बोटानं मोठा मोठा केला. कमानी, रिपिटाजवळ. साफ. रेघ नाही.

मले आनंद व्हाले पाहिजे होता का एकाचं बोट वाचलं. पण रेघेचा इथं नाही. म्हणजे तो तिकडं हाय.

टिंकूले सांगतलं. तो म्हणे मामी, चाकूच तं हाय, नवरदेव काय कोहळे कापणार हाय त्यानं. मी म्हणली तो हातात घेऊन काय करन तुले माहीत नाही का, हिमांशूले बी तोच चाळा लागला हाय मावसाचा, दिवसभर उघड बंद करते. टिंकूनं चाकू हातात फिरवला. मंग म्हणे, मामांची आठवण म्हणून घेतला होता. मी म्हणली तुले दुसरा देईन, पाहून देईन. त्यानं तो पुसून काऊंटरवर सरकवला.

रात्र कशी गेली ते सोडा. सकाळी पहिल्या गाडीनं गोरेगाव, गोरेगावहून तिरोडा. तिरोड्याले ऑटोवाला सीटा भरेपर्यंत हालेना. मी म्हणली चाल, तो म्हणे बाई दोन सीट बाकी हाय. मी खाली उतरून रस्त्यावर उभी राहून सीटा गोळा केल्या, त्याले कळेना ही कोण बाई. सारा रस्ता पिशवी मांडीवर घट्ट धरून. मनात एकच, आज हळद सकाळी हाय का दुपारी, आज हळद सकाळी हाय का दुपारी. पत्रिकेत लिहिलं होतं, मी वाचलं बी होतं, पण आठवेना.

पोहोचली तं मांडवात हळद चालू होती. तलावाकडून वारा येऊन राहिला होता, आंब्याच्या डहाळ्या हालत होत्या, बाया गाणे म्हणत होत्या अन् त्याच्यावर डीजे. हिमांशू पाटावर, अंगभर हळद, डाव्या हातानं मोबाईलवाल्याले काही सांगत होता. उजव्या हातात चाकू. लिंबू बाजूले पडलं होतं. अंगठा पात्यावर. उघड, बंद.

मी मांडवाच्या खांबापाशीच थांबली. पहिले नंदलालभाऊ दिसले, शामकलाचा नवरा. त्याईले बाजूले घेऊन सारं सांगतलं, कारखाना, रेघ, अंगूठा. ते ऐकत ऐकत दुसऱ्याच कोणाले खुर्च्या आणाले सांगून राहिले. मंग म्हणत, बाई, तुम्ही बसा, पाणी प्या, चाकू तं शोभेचा हाय, मी त्याच्यावर काळी टेप गुंडाळून देतो. काळी टेप. मले तेव्हा बी मनात आलं, हे ऐकाले नीतूचे बाबा पाहिजे होते.

तेवढ्यात शामकला आली. मले पाहून आधी हसली, मंग तिचं हसणं अर्ध्यात राहिलं. तिले बी सांगतलं. दुसरा चाकू पिशवीत हाय म्हणली, दोन मिनिटाचं काम, बदलून टाक. तिनं माहा हात धरला, दाबून धरला, अन् हळूच म्हणे,

"बाई, आज नको. लोकं काय म्हणतीन, तू आली अन् नवरदेवाच्या हातातलं लोखंड काढून घेतलं."

ती वाईट नाही. तिच्या जागी मी बी हेच म्हणली असती. नवरदेवाच्या हातचं सुटलं तं अपशकुन, अन् काढणारी कोण, तं माह्यासारखी. मी खांबाले टेकली. म्हणली बरं. खरंच म्हणली. पिशवी खाली ठेवली.

अन् तिथून दिसून राहिलं. उघड, बंद. बाया त्याच्या गालाले हळद लावत, तो हसे, अंगठा चालूच. हळदीनं हात बुळबुळीत झाला होता, पातं निसटे तं तो जोर लावे. एकदा पातं अडकलं, त्यानं मुठीत दाबून, दातओठ खाऊन उघडलं.

मी गेली. कशी गेली माहीत नाही, बायांच्या मधातून गेली, कोणाचा हळदीचा हात माह्या लुगड्याले लागला. पाटासमोर बसली. गाणं थांबलं, डीजे चालूच होता.

"हिमांशू, चाकू खाली ठेव."

तो म्हणे, "मावशी, हातातून सोडायचा नसते ना."

"मले माहीत हाय. ठेव."

त्यानं आपल्या मायकडं पाहिलं. मंग माह्याकडं पाहिलं. पोरगा शहाणा हाय, त्यानं पाटावर ठेवला. मी तो उचलला अन् पिशवीतला दुसरा ठेवला, तो त्यानं लगेच उचलला, श्वास घ्यायच्या आत. एवढंच करून मी उठून जाले पाहिजे होतं. पण मले पक्कं कराले पाहिजे होतं. कदाचित मीच चूक असन, कदाचित रेघेचा हा नसनच, मंग मी सारा तमाशा कशासाठी केला. मी पातं अर्धं उघडलं अन् अंगठ्यानं दाबलं, जसे ते दाबत.

आवाज आला. तट, बस तेवढाच, सुकी काडी मोडल्यासारखा. कमानीचा तुकडा उडून कोणाच्या तरी साडीवर पडला अन् पातं सरळ खाली, माह्या अंगठ्यावर. दुखलं नाही. रक्त दिसलं तेव्हा समजलं का लागलं.

एका म्हाताऱ्या बाईनं तोंडावर पदर घेतला. नंदलालभाऊ धावले, तुकडा उचलून हातावर घेऊन पाहत राहिले, उलटा करून, सुलटा करून. हिमांशू आपल्या अंगठ्याकडं पाहून राहिला होता, हळदीनं पिवळा, धड.

मी लुगड्यानं अंगठा दाबून उठाले गेली तं शामकलानं खांदा धरून खाली बसवलं. पाटाजवळची वाटी ओढली, नवरदेवाची, त्यातली मूठभर हळद घेतली अन् माह्या अंगठ्यावर दाबली. दोन्ही हातानं दाबून धरली. मागून कोणीतरी म्हणालं, अवं ती नवरदेवाची हळद हाय, हिले कशी... शामकलानं मान वळवली नाही.

"रक्त थांबू दे आधी," म्हणे.

तशी ती बराच वेळ बसून राहिली. मांडवात पुन्हा गाणं सुरू झालं, आधी एकीचं, मंग सगळ्याईचं. मले तिथं बसवेना अन् ती उठू देईना. मी तिच्या कानात म्हणली, हिमांशूचा आता एकदा पुन्हा पाहू दे. ती म्हणे चूप. मी म्हणली काल फोटोत पाहिला, पण फोटोचं काय सांगता येते. ती म्हणे बाई, चूप बस ना माय.

दुसऱ्या दिवशी वरात गेली. मी बी गेली, मागच्या गाडीत. लग्न लागेपर्यंत मी नवरीचं तोंड नीट पाहिलं नाही, सारं लक्ष हिमांशूच्या उजव्या हाताकडं. अक्षदा पडल्या, त्यानं चाकू मुडपला, खिशात टाकला, अन् माह्याकडं पाहून अंगठा वर केला. तेव्हा मले भूक लागली.

मोडका चाकू मी कोणाले दिला नाही. कारखान्यातल्या पोराचा मेसेज येऊन पडला हाय, त्याले नीतूकडून उत्तर लिहून घेईन, सध्या वेळ नाही. घरी आल्यावर ते एकतीस चाकू मी फारीवर मांडले अन् ट्यूबलाईटसमोर एक एक धरून राहिली. मले काही कळत नाही. तरी चार अशे निघाले का ज्यातून उजेड येते, अन् एकाची रिपीट बोटाले लागते. ते बाजूले केले. नापासमध्ये हा एक सोडून दहा होते, म्हणजे अजून पाच कुठंतरी हायत, घरात नाही तं लोकांच्या खिशात. त्याईत वाईट कोणता अन् नुसता दिसायले खराब कोणता, हे सांगणारा माणूस नाही.

टिंकूले एक दिला, पाहून. बाकी दहा जणांची नावं नीतूनं कागदावर लिहून दिली. चौघांचे पाहून झाले. काही लोकं हसतात, काहीले राग येते का दिलेली आठवण वापस मागाले आली का काय. मी म्हणते वापस नको, फक्त दाखव.

उद्या सालेकशाची गाडी हाय, केशोरावकडं. खांदा देणाऱ्यातला पहिला माणूस, त्याले सुपारीचं व्यसन, दिवसातून दहा वेळा तोच चाकू काढत असन. फोनवर सांगतलं मी येऊन राहिली. तो म्हणे, वहिनी, एवढ्या दूर कायले येता, माह्या चाकूले काही झालं नाही. मी म्हणली मी येईपर्यंत सुपारी दातानं फोड.